मोड, घट आणि भाव

मागच्या महिन्यात तुमसरला एका लग्नात जेवायच्या रांगेत उभा होतो. आमच्या एका लांबच्या मावशींनी विचारलं, "काय करतोस रे आता?" कॅफे बंद पडल्याचं त्यांच्या कानावर होतं. म्हटलं, "जुने लॅपटॉप, मोबाइल, टेप वगैरे घेतो. दुरुस्त करतो आणि ऑनलाइन विकतो." मावशींनी जिलेबीकडे बघत क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "म्हणजे भंगारचा धंदा."

नातेवाइकांपैकी बरेच जण हे वाचतात, म्हणून एकदाचं सविस्तर लिहूनच टाकतो. पुढच्या लग्नात निदान शांतपणे जेवता येईल.

तर मंडळी, पहिली गोष्ट. भंडाऱ्याच्या माणसाला जुन्या मालाच्या धंद्याची लाज वाटायचं काही कारण नाही. आमचं गाव पितळेच्या भांड्यांचं. लहानपणी आजीसोबत भांड्यांच्या दुकानात जायचो ते नवीन गुंड घ्यायला कमी आणि मोड द्यायलाच जास्त. चेपलेली घागर, बूड गेलेलं पातेलं, कान तुटलेली परात असं सगळं पोत्यात बांधून न्यायचं. दुकानदार तराजूत टाकायचा, घट धरायचा (मळ, डाग, जोड यांची वजावट) आणि उरलेल्या वजनाचे पैसे नव्या भांड्याच्या किमतीतून वळते करायचा. आजी घटीवरून भांडायची, पण भावावरून कधी नाही. पितळेचा दर दोघांनाही ठाऊक असायचा आणि तराजू दोघांच्या डोळ्यांसमोर. घागर आजोबांच्या आईची होती की कालच घेतलेली, याच्याशी तराजूला घेणंदेणं नव्हतं.

मोबाइलला तराजू नाही! सारा धंदा या एका वाक्यात आहे आणि सारी भानगडही. एकाच दिवशी एकाच दुकानातून घेतलेले दोन फोन दोन वर्षांनी समोर ठेवा. बाहेरून जुळे. एकाची बॅटरी दिवसभर पुरते, दुसरा एकदा पाण्यात पडून आलेला. हा फरक विकणाऱ्याला माहीत असतो, घेणाऱ्याला नसतो. आणि उलटंही होतं. घरातल्या कपाटावर धूळ खात पडलेल्या डब्याला आज काय भाव आहे हे विकणाऱ्याला माहीत नसतं आणि माझ्यासारख्याला असतं. दोन्हीकडे कुणाला तरी माहीत नसण्यातूनच पैसा सुटतो. मग सांगायचं किती आणि गप्प बसायचं कुठे? गेली काही वर्षं मी हे गणित सोडवतोय. वाटतं तितकं सोपं नाही.

सुरुवात कशी झाली ते थोडक्यात. सायबर कॅफेचे दिवस संपले तेव्हा माझ्याकडे अकरा संगणक उरले होते. गावातला भंगारवाला सगळ्यांचे मिळून जे देत होता त्यात एक बरी सायकलही आली नसती. तेव्हा जुनं सामान ऑनलाइन विकायची सवय लोकांना नुकती लागत होती. बाझी डॉट कॉम 2000 साली निघालं, 2004 मध्ये ते ईबेने विकत घेतलं आणि पुढे ईबे इंडिया 2018 च्या ऑगस्टमध्ये बंदही झालं. मधल्या काळात ओएलएक्स आणि क्विकर आले. मी एक संगणक सुटा करून भाग वेगळे विकले. रॅम एकाला, हार्ड डिस्क दुसऱ्याला, आणि एक जुना कीबोर्ड असा गेला की घेणाऱ्याने दोनदा फोन करून "टकटक आवाजवालाच ना?" अशी खात्री करून घेतली. भंगारवाल्याच्या चौपट पैसे आले. झालं, चटक लागली.

आता काम. लोकांना वाटतं, इकडे घेतलं, तिकडे फोटो टाकला, मधले पैसे खिशात. प्रत्यक्षात घेणं आणि विकणं यांना मिळून एक तास लागतो. बाकीचा सगळा वेळ मधल्या तपासणीत जातो.

लॅपटॉपचंच घ्या. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षं वापरून लॅपटॉप थप्प्यांनी काढून टाकतात. ते व्यापाऱ्यांमार्फत दिल्लीच्या नेहरू प्लेसला, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला येतात आणि तिथून नागपूरला. मी नागपुरातून दोन-चार नग उचलतो. आणल्यावर पहिल्यांदा चालू करून बायोसला कंपनीचा पासवर्ड तर नाही ना हे बघायचं. असला तर तो लॅपटॉप म्हणजे दगड. मग विंडोजच्या एका आज्ञेने बॅटरीचा अहवाल काढायचा. बनवताना तिची क्षमता किती होती आणि आज पूर्ण चार्ज केल्यावर किती भरते, हे त्यात शेजारी शेजारी येतं. हार्ड डिस्क स्वतःच्या आजारपणाची नोंद स्वतःच ठेवते. किती तास चालली, किती जागा खराब झाल्या म्हणून बाजूला टाकल्या, सगळं. (माणसांना ही सोय असती तर लग्नं जुळवणं किती सोपं झालं असतं!) मग प्रत्येक की दाबायची, प्रत्येक पोर्टमध्ये काहीतरी घालायचं, पांढरा पडदा लावून डाग बघायचे, बिजागरी हलवायची. शेवटी एक चित्रपट लावून ठेवायचा आणि दोन तासांनी हात लावून बघायचा, तापला किती.

एका लॅपटॉपचा हिशोब देतो म्हणजे काकांची "बक्कळ कमावतोस" ही समजूत जाईल. खरेदी 11,000. नवी एसएसडी 1,700. बॅटरी 1,800. कीबोर्ड 600. पॅकिंग आणि कुरिअर 550. झाले 15,650. विकला 18,500 ला. उरले 2,850. यातून दहातला एखादा आणतानाच मेलेला निघतो त्याचं नुकसान भरायचं, आणि सात दिवसांत परत घेण्याचा शब्द देतो त्यात एक-दोन परत येतात त्यांचाही खर्च. विजेचं बिल आणि माझी पाठ धरलेली नाही.

शिवाय गिऱ्हाइकांचे मेसेज! "लास्ट किती?" नमस्कार नाही, नाव नाही, कुठल्या वस्तूबद्दल तेही नाही. नुसतं "लास्ट किती?" घासाघिशीचं मला वावडं नाही, आजीच्या तालमीतला आहे मी. पण आजी आधी वस्तू हातात घेऊन वाजवून बघायची.

आणि ठग. "मी फौजी आहे, बदली झालीय, पैसे आधी पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा." भंडाऱ्यात जवाहरनगरला आयुध निर्माणी आहे, त्यामुळे बदल्या, वर्दी, क्वार्टर या गोष्टी इथे कुणालाही खऱ्या वाटतात. एवढंच लक्षात ठेवा, पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला की पैसे तुमचे जाणार. आई, हे तुझ्यासाठी परत एकदा लिहिलंय.

2020 चं जूनही आठवतं. शाळा बंद, वर्ग मोबाइलवर. लाखनी, साकोली, लाखांदूरकडून लोक यायचे. कुणी धान विकून उरलेले पैसे घेऊन, कुणी उसने. मागायचे एकच, "पोराचा क्लास दिसला पाहिजे." जो फोन मार्चमध्ये साडेतीन हजाराला कुणी घेत नव्हतं तो पाच हजाराला जाऊ लागला. मीही भाव वाढवला. घेतानाच महाग पडत होता आणि घरी माझेही दोन जण शाळेत होते. पण एक नियम त्या महिन्यांत काटेकोर पाळला. दुकानातच गिऱ्हाईकाच्या सिमवर पाच मिनिटं व्हिडिओ कॉल करून दाखवायचा, तोही गिऱ्हाईकाच्या पोराशी. खेड्यातून एसटी बंद असताना आलेला माणूस वस्तू बदलायला परत येऊ शकत नाही.

मग पूर आला.

29 ऑगस्टपासून दोन-तीन दिवस. मध्य प्रदेशात पाऊस कोसळला, शिवनीकडच्या संजय सरोवरातून पाणी सुटलं आणि वैनगंगा गावात शिरली. गणेशपूर, कारधा या बाजूला घरांत पाणी. माणसं गच्च्यांवर. त्याबद्दल तेव्हा पुष्कळ छापून आलं, मी नव्याने काय सांगणार? मला सांगायचंय ते पाणी ओसरल्यानंतरचं. गाळ काढून झाल्यावर लोकांनी टीव्ही, मिक्सर, लॅपटॉप, स्पीकर, इन्व्हर्टर उन्हात वाळत घातले. अगदी पापड घालावेत तसे. आणि गंमत अशी, की त्यातल्या निम्म्या वस्तू चालू झाल्या!

दुसऱ्या आठवड्यात बाहेरगावचे लोक टेम्पो घेऊन आले. नगावर भाव. टीव्ही आठशे, लॅपटॉप हजार. ज्याच्या घरातली धान्याची कोठी गेली तो आठशे रुपयांना नाही म्हणत नाही. मलाही लोकांनी बोलावलं. ओळखीच्या एकाने चांगला वर्षभर जुना लॅपटॉप समोर ठेवला. वाळलेला, पुसलेला, झकास चालू. "दोन हजार दे," म्हणाला. मी पाठचे स्क्रू काढले.

आपल्याकडे आंबट ताक पितळेच्या भांड्यात राहिलं की कळकतं. भांड्यावर हिरवट थर येतो. सर्किटच्या बोर्डावर तांब्याच्या बारीक रेघा असतात आणि त्याही तशाच कळकतात. पाणी वाळलं तरी गाळातले क्षार चिपच्या पोटाखाली बसून राहतात, हवेतला ओलावा धरतात आणि काम चालू ठेवतात. दोन महिने, सहा महिने... मग एक दिवस मशीन बंद. (कल्हई आणि सोल्डर दोन्हींत कथीलच असतं, म्हणजे कल्हईवाले आणि आम्ही तसे एकाच कुळातले.) त्या लॅपटॉपच्या बोर्डावर एका कोपऱ्यात हिरवी छटा दिसायला लागली होती.

असा माल फोटोत ओळखू येत नाही. इंदूर, रायपूर किंवा पुण्यात बसलेल्या माणसाला वैनगंगा कुठून दिसणार? मी तीन-चार वस्तू घेतल्या, साफ केल्या आणि जाहिरातीत पहिल्याच ओळीत लिहिलं, "पुराच्या पाण्यात भिजलेली, आज चालू आहे, उद्याची खात्री नाही." एकही मेसेज आला नाही. शेवटी भाग काढले. पडदा, रॅम, वरचं झाकण वगैरे पाण्याने न बिघडलेलं तेवढं विकलं आणि घातलेले पैसे कसेबसे निघाले. त्याच सुमारास तसलाच माल "सिंगल हॅंड यूज्ड, नो प्रॉब्लेम" म्हणून झरझर जात होता.

पण खरा फटका नंतर बसला. दिवाळीच्या आसपास माझ्या अगदी कोरड्या, नागपूरहून आणलेल्या लॅपटॉपसाठी लोक विचारू लागले, "भंडाऱ्याचा आहे? पुरातला तर नाही ना?" आणि नाही म्हटलं तरी दोन हजार कमी करून मागायचे. म्हणजे भिजलेला माल विकला दुसऱ्यांनी आणि घट धरली माझ्या कोरड्या मालाला!

जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1970 मध्ये हेच लिहून ठेवलंय, जुन्या मोटारींबद्दल. तिकडे खराब निघालेल्या गाडीला 'लेमन' म्हणतात, लिंबू. त्याचं म्हणणं असं, की चांगली गाडी कुठली आणि लिंबू कुठलं हे घेणाऱ्याला कळत नसेल तर तो सगळ्यांनाच मधला भाव देतो. मधल्या भावात चांगल्या गाडीवाल्याला परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो. उरलेल्यांत लिंबं वाढतात, भाव आणखी पडतो, आणखी चांगले जातात. तीन नियतकालिकांनी हा लेख परत पाठवला होता म्हणे, आणि 2001 मध्ये त्याच कामासाठी त्याला नोबेल मिळालं. मी हे वाचलं ते पुरानंतर. वाचताना सारखं वाटत होतं, हा माणूस भंडाऱ्यात येऊन गेला की काय!

तेव्हापासून प्रत्येक वस्तूसोबत एक कागद देतो. काय तपासलं, काय बदललं, काय बिघडलेलं तसंच ठेवलंय, आणि बोर्डाचा उघडा फोटो. भाव त्यामुळे वर जातो असं नाही. पण "लास्ट किती?" वाले कमी झाले, आणि एकदा घेतलेला माणूस भावाला, साडूला पाठवतो.

फोनसाठी अजून एक तपासणी आहे. *#06# दाबलं की पंधरा आकडी आयएमईआय नंबर येतो. मे 2023 पासून सरकारची सीईआयआर यंत्रणा देशभर सुरू झाली. फोन चोरीला गेल्याची नोंद त्यावर झाली की तो नंबर बंद होतो. संचार साथीवर किंवा 14422 ला एसएमएस करून घेण्याआधीच बघता येतं. मी माणसासमोरच बघतो. दोनदा असं झालं की नंबर टाकेपर्यंत समोरचा "गाडी लावून येतो" म्हणून गेला, तो गेलाच. फोन घ्यायला मात्र दोघंही विसरले नाहीत.

आता गेल्या वर्षीची डेकची गोष्ट सांगतो. घरात त्यावरून बरीच चर्चा झालीय आणि धाकट्या काकांच्या मते मी त्या दिवशी धंद्याला नालायक ठरलो.

पवनीकडच्या एक काकू आल्या, कपड्यात गुंडाळलेला एक जड डबा घेऊन. यजमान बरीच वर्षं सौदीत होते, दम्मामला. ते गेल्यावर खोली रिकामी करत होत्या. "टेप हाय. चालत नाही. हजार-पंधराशे दिले तरी चालते." कापड सोडलं तर नाकामिचीचा कॅसेट डेक!

ज्यांना हे नाव माहीत नाही त्यांच्यासाठी. ही जपानी कंपनी कॅसेट डेक अशा निगुतीने बनवायची की आजही जगभर शौकीन ते शोधत असतात. बंद का होता तेही बघताक्षणीच कळलं. आतले रबरी पट्टे इतक्या वर्षांत वितळून डांबरासारखे होतात. पट्टे आणि रबरी चाक बदललं की साधारणपणे चालतो. आणि मागे व्होल्टेजचा खटका होता, तो तिकडच्या कमी व्होल्टेजवर होता. तसाच आपल्या प्लगात खुपसला असता तर संपलाच असता. काकूंचं नशीब, पट्टे आधी गेले.

पंधराशे रुपये माझ्या खिशात होते. भाव त्यांनीच सांगितलेला. घासाघीस नाही, खोटं बोलणं नाही. कायद्याने किंवा बाजाराच्या रीतीने मला कुणी बोट लावलं नसतं. पण पुरानंतर टेम्पोवाले जे करत होते ते तरी याहून काय वेगळं होतं? त्यांनाही भाव लोकांनीच सांगितले होते.

म्हटलं, "काकू, हा दुरुस्त झाला तर वीस-पंचवीस हजारांना जाईल."

वाटलं होतं, खूश होतील. काकूंचा चेहराच बदलला. डबा स्वतःकडे ओढून म्हणाल्या, "काहून जी भाऊ? इतके काहून? याच्यात काही सोनं-गिनं हाय का?" मी समजावू लागलो तसतसा त्यांचा संशय वाढत गेला. हजार म्हटलं असतं तर विश्वास बसला असता! शेवटी "जावयाले इचारतो" म्हणून कापड बांधून निघून गेल्या.

दहा दिवसांनी जावयांचा फोन. त्यांनी इंटरनेटवर शोधलं होतं. "अहो, हा तर लाखाच्या वर आहे." त्यांनी बघितला होता त्याच कंपनीचा 'ड्रॅगन', 1982 मध्ये निघालेला, सगळ्यांत नावाजलेला डेक. आणि ती होती मागितलेली किंमत. मागितलेली किंमत म्हणजे विकली गेलेली किंमत नव्हे हे पटवायला अर्धा तास गेला. मग मी म्हटलं, असं करू. मी विकत घेतच नाही. डेक तुमचाच, कागद करून माझ्याकडे ठेवा. दुरुस्ती आणि पाठवणीचा खर्च वजा जाता जे येईल त्यातले वीस टक्के माझे. जास्त आले तर दोघांचा फायदा, मग तुम्हाला फसवून मला काय मिळणार? हे मात्र त्यांना चटकन पटलं. शेतकरी माणूस, अडत कळते.

नागपूरला सीताबर्डीत एक जुने मेकॅनिक आहेत, त्यांनी 3,200 घेतले. पॅकिंग आणि कुरिअर 900. पुण्याच्या एका गृहस्थांनी 26,000 ला नेला. उरले 21,900. माझे 4,380, काकूंचे 17,520. पंधराशेला घेतला असता तर मला 20,400 सुटले असते. काकांनी हा फरक मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर काढून मला दाखवला, 16,020. (तो मोबाइलही मीच त्यांना दिलेला. फुकट.)

काकू स्वतः पैसे न्यायला आल्या. दोनदा मोजले, पदरात बांधले. जाताना म्हणाल्या, "आमच्या शेजारणीकडं बी एक टेप हाय."

पुढच्याच आठवड्यात शेजारीण आली. साधा, लोकल बनावटीचा टू-इन-वन, हॅंडल तुटलेलं, एक स्पीकर फाटलेला. टेबलावर ठेवला, खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "मले काही जास्त नको जी. तिले दिले तेवढेच द्या, सतरा हजार."